पहिल्या रांगेतली दुर्बीण

मुलाकडचे मुलगी बघायला येतात, तर मुलगीही मुलगा बघून येईल, एवढा साधा निर्णय मी घेतला. (एमएस्सी झाल्यावर माणसाला असे साधे निर्णय घ्यावेसे वाटतात.)

स्थळ वालूरचं. मुलाचं नाव भागवत. सेलूला शिक्षक आणि वर हौशी नट. आमच्या घराचे कायमचे मध्यस्थ बन्सीधरमामा यांनी बातमी आणली, की रविवारी परभणीच्या नाट्यगृहात त्याचं नाटक आहे. मी जाहीर केलं, "शेवटच्या रांगेतून मी त्याला निरखणार. त्याला पत्ताही लागता कामा नये. पसंत पडला तरच पुढचं बोला."

माझ्या आजोबांच्या, म्हणजे आबासाहेबांच्या, कपाटात नाटकाची दुर्बीण आहे. ओंजळीत मावेल एवढी, शिंपल्याचं नक्षीकाम केलेली. त्यांच्या वडिलांनी निजामाच्या काळात हैदराबादहून आणलेली.

"ती नाटक बघायची हाय," आबासाहेब म्हणाले. "पोरं बघायची न्हाई."

"चूक! युरोपात ऑपेराला जाणारे लोक हिच्यातून रंगमंच कमी आणि समोरच्या सज्ज्यातली माणसंच जास्त बघायचे." (मी वाचूनच गेले होते.)

"म्हंजी गोरे बी आपल्यासारखेच भोचक," असं म्हणून त्यांनी दुर्बीण दिली. आणि सोबत यायचंही ठरवलं.

नाट्यगृहात पोचलो, तर आबासाहेबांनी ओळख लावून पहिल्या रांगेतल्या खुर्च्या धरलेल्या.

"शेवटची रांग ठरली होती ना!"

"मागं बसायला आपण काय बिनबुलाये पावणे हाव?"

रंगमंच आठ हातांवर. तरी मी दुर्बीण लावलीच. ठरलं म्हणजे ठरलं! शिवाय चेहराही झाकला जात होता.

दुसऱ्या अंकात भागवत आला. म्हणजे चौघांनी त्याला उचलून आणलं. त्याची भूमिका मढ्याची होती.

मुलगा बघायला याहून चांगली सोय नाही. अख्खा अंक तो आडवा. नातेवाईक छाती बडवताहेत आणि मी त्याच्या भुवया तपासते आहे. इतक्यात एक माशी त्याच्या नाकावर बसली. नाकावरून ओठावर गेली, परत आली. पठ्ठ्या हलला नाही. मला माणूस तिथेच पसंत पडला. आमच्या घरात जावई म्हणून टिकायला नेमका हाच गुण लागतो.

मग मढ्याने हळूच एक डोळा उघडला. थेट माझ्या दुर्बिणीत! मी दुर्बीण काढली नाही, त्याने डोळा मिटला नाही. (जुळलं, मी मनात म्हटलं.)

पहिल्या रांगेतली दुर्बीणवाली ती मीच, असं सांगून मी त्याच रात्री मामांकरवी होकार कळवला. दुसऱ्या दिवशी मामा तोंड पाडून आले.

"न्हाई म्हणलेत ते."

"मला? का?"

"पोरगं म्हणतंय, पोरगी पहिल्या रांगेत बसून बी दुर्बिणीतून बघायलती. डोळे लय अधू दिसतेत."

नकार मी एक वेळ पचवला असता. पण पसंत पडलेला मुलगा हातचा जातो, आणि तोही असल्या खोट्या आळामुळे? "डॉक्टरचा दाखलाच पाठवते त्याला!" म्हणत मी तडक दवाखाना गाठला. समोरचा तक्ता दणक्यात वाचायला घेतला. तिसऱ्या ओळीला डॉक्टर म्हणाले, "ताई, अंदाजाने नका वाचू."

पावणेदोन नंबर निघाला. दोन्ही डोळ्यांना.

चष्मा लावून घरी आले. आबासाहेबांनी मला खालवर न्याहाळलं आणि मामांना फोन लावला.

"बन्सीधर, त्यायला पुन्हा इचार. असा जावई सोडायचा न्हाई. मरून पडला होता तरी त्याला दिसलं, आन् आमच्या हिला जिती असून दिसलं न्हाई!"