सागाखालचा चोर

भेव नावाची चीज माह्या अंगात नाईच! म्हणून तर मी शेअर बाजारात उतरलो. मोबाइलवर एक मास्तर शिकवते, "बाजारात मन ताब्यात पाहिजे." म्हटलं, वा! आपलं मन म्हणजे सागाचा लठ्ठा. ना हलते, ना फुगते!

बायकोनं, स्वातीनं, शिलाई मशीनसाठी जमवलेले अठरा हजार काढून दिले. पण अट टाकली.

"पंधराच्या खाली गेले का खेळ बंद. उरले तेवढे मले वापस."

"अवं, याले स्टॉपलॉस म्हणते!"

"आमच्यात याले बैलाची येसण म्हणते."

मी आलापल्लीकडं जंगलखात्याच्या ऑफिसात बाबू. तिथं नेटवर्क फक्त ऑफिसमागच्या सागाखाली. म्हणून सगळ्यायचे मोबाइल पिशव्यायत, त्या झाडाच्या खिळ्यायले लटकून राह्यते. मी आपला दिवसातून एखादी चक्कर टाकतो. बस!

तर आठ दिवसांत अठराचे साडेपंधरा झाले. हिशोब उघडला तं डोळेच फिरले. शेअर पडला का विकला, चढला का घेतला! ही तं भेदरलेल्या माणसाची खरेदी-विक्री! मी तं भेदरत नाई. म्हणजे माह्या मोबाइलवर दुसराच कोणी बटन दाबून राह्यला! पासवर्ड सोपा होता ना, एक-दोन-तीन-चार.

पहिला संशय गुणवंतरावभाऊंवर. आमचे बडेबाबू. त्यायचा मोबाइल माह्याच शेजारी लटकते. रोज विचारते, "निकेश, काय म्हणते बाजार?" काऊन विचारते? आणि पायात नवे बूट! कुठून आले?

दुसरा संशय वनरक्षक अजयवर. तो कायीच विचारत नाई. काऊन विचारत नाई?

तिसरा संशय घरात.

"स्वाती, तू मांगून ऑफिसात येतं का?"

"बारा किलोमीटर? तुमचं बटन दाबाले?" तिनं रोखून पाह्यलं. "किती राह्यले?"

"पंधराच्या वर."

"किती वर?"

"हायेत थोडेसे."

मंग मी डोकं लावलं. स्टोअरमधून वाघाचा ट्रॅप कॅमेरा काढला. समोर कायी हललं का तो आपोआप फोटो काढते. सागासमोरच्या झाडाले गुपचूप बांधला, वरून पानं लावली. आता ये लेका!

चौथ्या दिवशी पाह्यतो तं चौदा हजार नऊशे! माह्या डोक्यात वणवा पेटला. सरळ जाऊन बडेबाबूंची कॉलर धरली.

"भाऊ, बुटाचे पैसे कुठून आणले?"

"जावयानं घेऊन दिले बे! तुले का चावलं?"

आवाज ऐकून करिष्मा मॅडम, आमच्या साहेब, बाहेर आल्या. "काय चाललंय?"

"मॅडम, चोर पकडला! पुरावा ट्रॅप कॅमेऱ्यात हाय!"

"कॅमेरा? तो तर पाणवठ्यावर लावायचा होता!"

मी पळत जाऊन कॅमेरा सोडून आणला. मॅडमनं कार्ड कॉम्प्युटरमध्ये टाकलं. आख्खं ऑफिस मांगं उभं. चारशे बारा फोटो! एकात वानर. दोनात गुणवंतरावभाऊ, सोताचा मोबाइल काढताना. बाकीच्यात मी! मी झाडाले मिठी मारून. मी पिशवीले हात जोडून. मी झाडामांगं लपून एका डोळ्यानं भाव पाह्यताना!

मॅडमनं माह्या मोबाइलमधल्या खरेदी-विक्रीच्या वेळा पाह्यल्या. दहा बेचाळीसले विक्री. दहा बेचाळीसचा फोटो: डोळे गच्च मिटून बटन दाबणारा मीच!

"आणि या दुसऱ्या फोटोत तर रडताय. त्या दिवशी फार पडला होता का बाजार?"

"नाई मॅडम. चढला होता. मी आदल्या दिवशी विकून बसलो होतो."

अजय पह्यल्यांदा बोलला. "भाऊ, वानर तुमच्यापेक्षा शांत दिसून राह्यलं."

मी बडेबाबूंची माफी मांगितली. घरी पोचलो तं फोटो माह्या आधी पोचले होते! स्वातीनं फक्त हात पुढं केला. मी मोबाइल देल्ला. तिनं चौदा हजार नऊशे वापस घेतले, बाजाराले कुलूप ठोकलं आणि पासवर्ड बदलला. नवा कोणता, ते विचारायची माही हिंमत झाली नाई.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा हुकूम. कॅमेऱ्यात जे आलं त्याची नोंद रजिस्टरमध्ये झालीच पाहिजे! आणि ते रजिस्टर लिहिते कोण? मीच!

लिहिलं: प्राणी नर, प्रौढ. संख्या एक. वर्तन...

पेन अडला. गुणवंतरावभाऊंनी मांगून सांगितलं, "लिही, भेदरलेला."

लिहिलं. पुढं कंसात हळूच 'थोडासा' टाकलं.

मॅडमनं तेवढं लाल पेनानं खोडलं.