घर ऐकतंय

१२ मे २००१, शनिवार. आजचं काम एकच: दोह्यातल्या मदिनत खलीफा वस्तीत बू खालिद यांच्या गच्चीवर आमच्या कंपनीने बांधलेल्या लाकडी खोलीची तक्रार मिटवायची. टेप, ओळंबा आणि पाण्याची बाटली घेतली. परकारभाई बरोबर येणार होते, त्यामुळे पिकअपच्या मागे दोन घडीच्या खुर्च्या आणि एक मोठी काळी छत्रीही चढली.

खुर्च्या कशाला ते सांगते. इब्राहिम परकार हे आमचे साईट सुपरवायझर. वय साठीच्या आसपास, गाव रत्नागिरीच्या बाजूचं. दोह्यात येऊन त्यांना इतकी वर्षं झाली होती की मेंदी लावलेल्या दाढीतला मूळ रंग कोणता हे त्यांनाही आठवत नसावं. आणि या गृहस्थांचा एक नियम होता. घराची तक्रार घरात बसून ऐकायची नाही. मालकाने भिंतीकडे बोट दाखवून तोंड उघडलं, की परकारभाई ओठांवर बोट ठेवत.

"हळू. घर ऐकतंय. बाहेर चला."

मग मालक, मी आणि परकारभाई असे तिघं फाटकाबाहेर. खुर्च्या दोन. एकीवर मालक, दुसरीवर मी. परकारभाई उभे, छत्री मालकाच्या डोक्यावर धरलेली. जुलैच्या भर दुपारी, जेव्हा रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, तेव्हा आम्ही तिथे बसून न्हाणीघरातल्या ओलीवर चर्चा करत असू. आमच्या कंपनीत एक नवा कैरोचा इंजिनिअर आला होता. त्याने एकदा हा प्रकार पाहिला आणि दुसऱ्या दिवशी बदली मागितली.

"पण का?" मी सुरुवातीला विचारलं होतं.

"पोरीच्या समोर तिच्या नाकाचं बोलतो काय आपण?" परकारभाई म्हणाले. "घराचं पण तसंच हाय बाय. नाव ठेवलं की मन उठतं त्याचं. मग कितीबी दुरुस्त करा, नाय टिकायचं."

मला असलं काही पटत नाही. मी नाशिकची, सिव्हिलचा डिप्लोमा केलेली बाई. माझा नवरा मेसईदच्या कारखान्यात, मुलं शाळेत, आणि दिवसभर मी लोकांच्या घरांच्या तक्रारी सोडवते. घराला कान नसतात, भेगा असतात. पण परकारभाईंशी वाद घालून उपयोग नव्हता. एकदा ते आमच्याकडे चहाला आले होते. मी सहज म्हटलं, "आमच्या स्वयंपाकघराचं दार बघा ना, खाली घासतंय." ते कपबशी घेऊन उठले आणि जिन्यात जाऊन उभे राहिले. तिथून खुणेने मला बोलावलं. माझा मुलगा इंग्रजीत म्हणाला, "आई, अंकल लाजतात का?" पुढच्या शुक्रवारी नमाजानंतर येऊन त्यांनी ते दार काढलं, खालून रंधा मारला, परत लावलं. निघताना दोन बोटांनी दारावर टकटक केली आणि म्हणाले, "येतो हां." आम्हाला नाही, दाराला.

ऑफिसात त्यांना 'घराचे वकील' म्हणत. समोरही म्हणत. ते म्हणायचे, "वकील बरा. न्यायाधीश व्हायला सांगू नका."

तर आता बू खालिद यांची खोली.

धाकट्या मुलाचं लग्न ठरलं होतं, म्हणून गच्चीवर एक मोठी खोली काढायची होती. खालचं बांधकाम जुनं, त्यावर विटांचा भार नको, म्हणून लाकडाचा सांगाडा उभा करून त्याला दोन्ही बाजूंनी फळ्या मारायच्या असं ठरलं. हे काम आमच्या कंपनीने एका सुतारटोळीला दिलं. टोळीचा मुख्य हसन, राजापूरकडचा, पस्तिशीचा, कामाला चांगला. पण खोली झाली आणि दोन महिन्यांत तिचं हसं झालं. दार आपटलं की भिंत हलायची. सांध्यांतून वाळू आत यायची. खिडकीची चौकट एका बाजूला कलली होती.

कारण मी पहिल्याच भेटीत पाहिलं होतं. हसनने प्रत्येक सांध्यात जागा सोडली होती. गावाकडे तशी सोडावीच लागते. पावसात लाकूड फुगतं, जागा नसेल तर दारं अडकतात. त्याच्या हाताला तेच वळण. पण इथे लाकूड फुगणार कशाने? इथे ते वाळतं, आकसतं. सोडलेली जागा दुप्पट झाली आणि सगळा सांगाडा सैल पडला. चूक साधी होती, पण काम वाईट होतं यात शंका नाही.

बू खालिद यांनी फोनवर साफ सांगितलं होतं. तो सुतार समोर हवा. मी त्याला तोंडावर सांगणार. नंतर त्याला काढून टाका आणि दुसरा माणूस आणा. आमचे मॅनेजर अशा वेळी मालकाच्या शब्दाबाहेर जात नसत. टोळी पुरवणारा ठेकेदार तर हसनला त्याच आठवड्यात विमानात बसवून मोकळा झाला असता.

मला यात गैर काही वाटत नव्हतं. ज्याने काम बिघडवलं त्याने ऐकून घ्यावं. वाटेत मी तसं बोललेही. परकारभाईंनी मागच्या खुर्च्या नीट आहेत का ते वळून पाहिलं. मग म्हणाले, "बाहेर घेऊ त्याला. म्हाताऱ्याला."

पण म्हातारा बाहेर येईना. मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, गादीवर बसलेला, गुडघ्यांवर शाल. परकारभाईंनी सलाम केला, तब्येत विचारली, मुलांची विचारली, मग ओठांवर बोट ठेवून फाटकाकडे हात केला.

"माझे गुडघे गेलेत इब्राहिम," बू खालिद म्हणाले. "आणि हे माझं घर आहे. त्याला ऐकू दे. त्या नज्जारला बोलाव."

नज्जार म्हणजे सुतार. फाटकाशी थांबलेला हसन आला, चपला दाराशी काढून, टोपी हातात घेऊन भिंतीला लागून उभा राहिला.

"त्याला अरबी येत नाही ना? तू सांग त्याच्या भाषेत. मी बोलेन ते सगळं. एक शब्द सोडायचा नाही."

इतक्या वर्षांत तक्रारी ऐकून ऐकून मला तेवढी अरबी कळायला लागली आहे. म्हणून त्या बैठकीत काय झालं ते मी खात्रीने सांगू शकते.

बू खालिद म्हणाले, "याला म्हणावं, गाढवाने लाथ मारून चौकट बसवली असती तरी यापेक्षा सरळ बसली असती. तुझ्या हाताला लाकूड देणाऱ्याला लाज वाटायला हवी. तुझ्या बापाने तुला शिकवलं असेल, तर तोही आंधळा असला पाहिजे."

परकारभाईंनी घसा साफ केला. साईटवर ते सुतारांशी हिंदीत बोलतात. पण हिंदी इथे बऱ्याच शेखांना कळते, म्हणून आज ते थेट गावच्या बोलीवर आले.

"हसन, हे म्हणतायत लाकूड चांगलं हाय, पण फटी राहिल्यात."

बू खालिद यांच्या भुवया वर गेल्या. "मी एवढं बोललो आणि तुझं एवढ्यात झालं?"

"आमची भाषा आखूड हाय," परकारभाई अरबीत म्हणाले.

"मग लांब कर."

आता परकारभाईंनी चेहरा असा उग्र केला की मीच दचकले. एक हात उंचावून, आवाज चढवून ते बोलू लागले, "हसन, मान खाली घाल. म्हातारा बोलला तेवढा वेळ मला बोलायचं हाय. तुझ्या चाचीनं फणसाच्या साठांचा डबा पाठवला व्हता, तो मला अजून पोचलेला नाय. तुझ्या खोलीवर कोणी खाल्ला? उद्या बघतो एकेकाला. आणि संध्याकाळी जेवायला ये, सुरमई आणलीय. खाली बघ, हसू नको!"

हसनने मान खाली घातली. खांदे हलत होते. बू खालिद यांना वाटलं रडतोय. त्यांच्या चेहऱ्यावर थोडं समाधान आलं, पण म्हातारा कच्चा नव्हता. इतका वेळ मी एका कडेला बसले होते. ते एकदम माझ्याकडे वळले.

"मॅडम, तू यांची भाषा बोलतेस. याने मी म्हटलं ते सांगितलं?"

परकारभाई माझ्याकडे बघत नव्हते. ते हातातल्या छत्रीच्या मुठीकडे बघत होते. मी नाही म्हटलं असतं तर हसनचं काम गेलंच होतं, आणि त्याच्या आधी परकारभाईंना ते सगळं मराठीत, त्याच्या तोंडावर, पुन्हा सांगावं लागलं असतं.

"सांगितलं," मी म्हटलं. "सगळं."

"मग त्याला विचार, त्याला काय म्हणायचंय."

परकारभाईंनी विचारलं. हसनने मान वर केली. तो आता हसत नव्हता.

"चाचा, सांगा त्यांना. चूक माझी हाय. मी गावच्यासारखा सांधा सोडला. सगळा सांगाडा खोलीन, सुक्या लाकडाचा परत बसवीन. नंतर काढायचं तर काढा."

हे मात्र परकारभाईंनी शब्दन् शब्द अरबीत सांगितलं. काही सोडलं नाही, काही घातलं नाही. बू खालिद यांनी दाढीवरून हात फिरवला. "बसवू दे," म्हणाले. "सरळ नाही बसली तर मग खलास." आणि आतून कहवा मागवला.

मी हसनबरोबर गच्चीवर गेले. कुठल्या फळ्या उघडायच्या, खिडकीखाली जादा खांब कुठे द्यायचा, ते खडूने मारून दिलं. बाहेर बोलणं वगैरे माझ्या स्वभावात नाही. मी तिथेच म्हटलं, "हसन, काम वाईट झालंय हं. चाचांनी मवाळ सांगितलं, पण वाईट झालंय."

"माहीत हाय ताई." तो वाकलेल्या चौकटीवरून अंगठा फिरवत होता. "गाढवानं लाथ मारली असती तरी सरळ बसली असती."

माझा खडू थांबला.

"तुला अरबी कळते?"

"सुतारकामाच्या आधी तीन वर्षं अरबी घरात ड्रायव्हर व्हतो." मग जिन्याकडे नजर टाकून हळूच म्हणाला, "चाचाला सांगू नका हां. त्यांना वाटतं मला नाय कळत. किती मेहनत घेतात. मागच्या घरी तर बाईनं चप्पल उगारली आणि चाचा मला म्हणाले, बाई इनामाचं विचारतेय."

"आणि बापाचं बोलले ते?"

"माझा बाप सुतार नव्हताच. मच्छीवाला व्हता." तो चौकटीकडे वळला. "खालचा सांधा आधी उघडू ना, ताई?"

परतताना वळणावर सिग्नलला थांबलो तेव्हा मी परकारभाईंना विचारलं, "घर ऐकतंय म्हणून नाही ना तुम्ही बाहेर नेत?"

"घरपण ऐकतं," ते म्हणाले. आणि पुढे, "माझा मोठा भाई सुतार व्हता. आदम. त्यानंच मला इथं आणलं. त्याच्यासारखा हात नाय बघितला मी. त्याला अरबी येत नव्हतं, मी मच्छीमार्केटात बसून शिकलेलो. एका मालकानं दारावरून शिव्या दिल्या. भाई विचारतो, काय म्हणतोय रे? मी सांगितलं. एक शब्द सोडला नाय. मला वाटलं, भाईला दिसू दे मला किती अरबी येतं."

सिग्नल सुटला. मी गाडी पुढे घेतली.

"भाईनं पटाशी पुसली, फडक्यात बांधली, आणि गेला गावाला. मशिदीसमोर पानाची गादी टाकली. आता त्याच्या घराचं दार कुरकुरलं तर दुसऱ्या सुताराला बोलावतो."

"आहेत अजून?"

"हाय की. रजेवर गेलो की त्याच्या ओटीवर बसतो मी. सगळं बोलतो आम्ही. दाराचं बोलत नाय."

ऑफिसच्या दाराशी उतरताना ते खिडकीशी वाकले. "बाय, हसनला काय कळलं नाय ना?"

"नाही," मी म्हटलं. "अजिबात नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते हसनला घेऊन बू खालिद यांच्याकडे गेले आणि मी एकटी अल थुमामाला. शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंचं घर, इंग्रजी उत्तम. जिन्याच्या वरच्या दाराची चौकट भिंतीपासून सुटली होती. आमचा सुतार, केरळचा, गुडघ्यांवर बसून तिच्याखाली पाचर ठोकत होता. बाई माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या, चौकटीकडे बोट दाखवलं आणि मोठा श्वास घेतला.

"बाहेर बोलू या का?" मी म्हटलं.

"बाहेर? या उन्हात? का?"

सुताराचा हातोडा थांबला होता.

"घर ऐकतंय," मी म्हटलं, आणि पिकअपमधल्या खुर्च्या काढायला निघाले.