घरचे, पाव्हणे आणि कोंडिबाआबा

आमच्या दुकानात कांद्यालासुद्धा गाव सांगितल्याशिवाय आत घेत नाहीत. पोतं उतरलं की कोंडिबाआबा त्यावर हात ठेवून टेम्पोवाल्याला विचारणार, "कुटलं हाय ह्ये?" तो बिचारा म्हणतो, मार्केट यार्डाचं. की आबा भडकले. "यार्डात काय कांदा उगवतोय व्हय रं? त्याचं गाव सांग!"

दुकान वडिवळ्यात आहे, गावाने मिळून चालवलेलं. मी त्याची सचिव, म्हणजे सगळ्यांची बोलणी खाणारी. गल्ल्यावर आबा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा नवलाख उंबरे गावच्या कंपनीत आणि राहायला तळेगावात. घरात बोलायला भिंती. त्यामुळे आबा पहाटेच दुकान उघडून बसलेले असतात.

मालाच्या त्यांनी दोन पंगती केल्यात. उजवीकडे 'घरचे', म्हणजे इंद्रायणी तांदूळ, पावटा, मुळा, मेथी. डावीकडे 'पाव्हणे', म्हणजे सफरचंदं, बटाटे आणि शनिवार-रविवारी धरणाकाठच्या बंगल्यांवर येणाऱ्यांसाठी ब्रोकोली. पाव्हण्यांची बडदास्त चोख, सफरचंदांखाली धुतलेला पंचा. पण त्यांची पंगत घरच्यांपेक्षा लांबली की आबा क्रेट परत पाठवणार. "पाव्हणा वसरीवर बरा. त्यो चुलीपाशी बसला तर घरच्यांनी जायाचं कुटं?"

नारळावरून तर आमचं कडाक्याचं वाजलं. मी म्हटलं, पाहुणा. आबा म्हणाले, "कोकण घाटाखाली हाय. त्यो शेजारी."

"आणि चहा हो? तो कुठून कुठून येतो! दिवसभर ढोसता ना?"

आबा बशी हातात धरून विचारात पडले. "चा घरजावई हाय," म्हणाले आणि उरलेला पिऊन टाकला. आता या माणसापुढे कपाळ बडवायचं नाही तर काय करायचं?

सगळ्यात वैताग आणणारी तऱ्हा वेगळीच. घरचा माल ते एकदम घ्यायचेच नाहीत. वरच्या वाडीतली सखू पाटीभर पावटा घेऊन डोंगर उतरून यायची. आबा त्यातला निम्मा ठेवून म्हणायचे, "आज येवडाच. ऱ्हायलेला उद्या आन."

"आबा, रोज रोज डोंगर उतरू का? गुडघं गेलं माजं!"

"गिऱ्हाइकाला ताजं पायजे बाय. बस, चा घे."

मग सखू पालथ्या क्रेटवर बसायची. मुळेवाला यायचा, मेथीवाली यायची. कुणाची गाय व्याली, कुणाची सून रुसली, सगळं निघायचं. आम्ही आपलं आबांच्या ताज्या मालाचं कौतुक करत होतो.

इकडे बंगलेवाले वाढले, तशी आबांनी किती क्रेट परत पाठवले तरी डावी पंगत वाढतच चालली. प्रत्येक बैठकीत आबांचं एकच पालुपद, "घरच्यांना जागा द्या. माल वाढवा." शेवटी अध्यक्षांनी तोडगा काढला. रोज पहाटे गावचाच टेम्पो फिरेल, वाडीवाडीवरून माल गोळा करेल. घरची पंगत दुप्पट होईल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सखूने तर सगळ्यात जोरात.

मला वाटलं, म्हातारा आता नाचतोय. आबा मात्र टोपी काढून हातात फिरवत होते.

"म्हंजी कुनीच यायचं न्हाई?" त्यांनी विचारलं.

"नाही आबा," अध्यक्ष आनंदाने म्हणाले, "कुणालाच यायचा त्रास नाही!"

आबांनी सखूकडे पाहिलं. ती गुडघा चोळत हसत होती. मग हात वर करायची वेळ आली, तेव्हा सगळ्यांच्या आधी आबांचा हात वर गेला.

पहिल्या सकाळी मी मुद्दाम लवकर गेले. टेम्पो येऊन गेलासुद्धा होता. उजवीकडे पावटा, काकडी, मुळे, पाय ठेवायला जागा नव्हती. सफरचंदं कोपऱ्यात सरकलेली.

"जिंकलात की आबा!" मी म्हटलं.

"व्हय," ते म्हणाले आणि पुन्हा दाराकडे पाहिलं. बराच वेळ बाहेर पाहत उभे राहिले. मग खिशातून फोन काढून त्यांनी सखूला लावला. ऐकू कमी येतं म्हणून स्पीकरवर.

"सखू, गुडघा कसा हाय?"

"लय ब्येस आबा! आज उन्हं येस्तवर निजले. तुमी काय काम काढलंत?"

"काम न्हाई काय. पावटा चांगला आला, त्ये सांगाया."

"दुपारच्याला येऊ का खाली?"

आबांचा चेहरा क्षणभर उजळला. पण म्हणाले, "कशाला उगा? टेम्पो हाय की. तू पाय शेकत बस."

फोन ठेवला. मला कामशेतला नेणारी शेअरची जीप बाहेर हॉर्न मारत होती. मी ड्रायव्हरला हातानेच जा म्हणून सांगितलं.

"तुजी गाडी गेली की पोरी," आबा म्हणाले.

"जाऊ दे."

त्यांनी मेथीच्या जुड्या उगाच एकदा इकडून तिकडे केल्या. "सकाळच्याला चार मान्सं यायची, तेवढ्यावर माजा दिस निघायचा," ते म्हणाले. "पर तिचं गुडघं लय दुखत हुतं गं. मला काय, हुईल सवय."