शून्य कचरा, पाचशे लिटर

सकाळी नवाला पाच कमी असताना बुधरीनं मोहफुलांची टोपली डोक्यावर घेतली आणि ऑफिसच्या फाटकातच अश्विन साहेबांनी तिला अडवलं.

“बुधरीबाई, हे कुठं चाललं?”

“घरी जी. मांडवावर वाळू घालते अन् झाडू माराले येते.”

“न्यायचं नाही. आजपासून आवारातला जैविक कचरा फाटकाबाहेर जाणार नाही. धोरण आहे.”

बुधरीनं मागं वळून पाहिलं. कचरा कुठं दिसेना. साहेबांचं बोट आपल्याच टोपलीकडं आहे हे ध्यानात आलं तेव्हा तिचं टाळकं सटकलं.

“याले कचरा म्हन्ता? सायेब, हे खायाची वस्तू हाये!”

“झाडावरून खाली पडलं की धोरणात त्याला कचराच म्हणतात.”

आता धोरणात काय, काहीही म्हणतात. ते लिहिणाऱ्यानं मोहाचं झाड आयुष्यात पाहिलेलं नव्हतं आणि पाहिलं असतं तर चिंच म्हणून सोडून दिलं असतं. कुरखेड्यातलं हे ऑफिस म्हणजे धानाचं बियाणं विकणाऱ्या एका कंपनीची शाखा. माणसं चार. सहा महिन्यांपूर्वी पुण्याहून बदलून आलेले अश्विन साहेब, कॉम्प्युटर सांभाळणारी संघप्रिया, गाडी चालवणारे खुशालभाऊ, आणि झाडलोट, चहापाणी अन् या तिघांना जे जमत नाही ते सगळं करणारी बुधरी. आवारात मोहाचं एक भल्लं मोठं झाड. ऑफिस यायच्या आधीपासून त्याची फुलं बुधरीची सासू वेचायची आणि सासू गेल्यावर बुधरी वेचते. जागा भाड्यानं देताना मालकानं कंपनीला तसं तोंडी सांगितलंही होतं. पण तोंडी सांगितलेलं पुण्याला पोचत नाही. बुधरीच्या घरी पावसाळाभर त्या वाळल्या फुलांचे लाडू होत, भाकरीत फुलं पडत, आणि धाकटी लेक बाळंतपणाला आली की पहिली मागणी त्याचीच होई. लेक यंदाही यायची होती.

धोरण फेब्रुवारीत आलं. ‘शाश्वत कार्यालय धोरण’, बेचाळीस पानं. संघप्रियानं मोठ्यानं वाचायला घेतलं तेव्हा खुशालभाऊंनी पहिल्याच शब्दाला थांबवलं.

“सासवत? म्हंजे सासूचं काई हाये काय?”

“शाश्वत, भाऊ. म्हंजे कायम टिकनारं.”

“मंग सासूचंच हाये,” खुशालभाऊ म्हणाले, आणि तेव्हापासून साहेब सोडून सगळे त्याला सासूचं धोरण म्हणू लागले.

त्यात ‘शून्य कचरा’ नावाचं एक प्रकरण होतं. प्रत्येक शाखेनं महिन्याला पन्नास किलो जैविक कचऱ्याचं खत करायचं आणि रोज नोंद पुण्याला पाठवायची. चार माणसांचा कचरा तो कितीसा! चहाचा चोथा आणि केळाची सालं मिळून मार्चअखेर भरली एक किलो आठशे ग्रॅम. पुण्याच्या तक्त्यात कुरखेड्याचा रकाना लालभडक झाला. साहेबांनी सगळ्यांना आग्रहानं केळी खायला लावली. खुशालभाऊंनी एका दिवशी अकरा खाल्ली आणि बाराव्याला राजीनाम्याची भाषा केली. साहेब माणूस वाईट नव्हता हो. पण लाल रकान्यानं त्याची झोप उडाली होती आणि झोप उडालेल्या माणसाच्या हाती धोरण असलं की विचारूच नका.

अशात मोह गळायला लागला. पहाटेपासून टपटप, टपटप, रोज दोन-तीन टोपल्या. साहेबांना तो कचऱ्याचा पाऊस वाटला.

त्यांनी पाचशे लिटरची काळी टाकी आणवली आणि झाडाजवळ भर उन्हात मांडली. धोरणातली कृती त्यांना तोंडपाठ होती. कचरा टाकावा, लवकर कुजावा म्हणून गूळ आणि पाणी घालावं, झाकण घट्ट लावावं, रोज सकाळी ढवळावं. बुधरीची टोपली पहिल्यांदा तिच्यात उलटी झाली. वरून पाच किलो गूळ पडायला लागला तशी बुधरी पुढं झाली.

“सायेब, मोह अन् गूळ एका टाकीत नोका टाकू.”

“का?”

“दारू होते.”

“खत होतं. तज्ज्ञांनी लिहिलंय.”

“सर, बाई बरोबर सांगून राह्यली,” संघप्रिया म्हणाली. “आपला जिल्हा दारूबंदीचा हाये. लोकं मातीच्या मडक्यात हेच करते अन् पोलीस त्याले सडवा म्हन्ते.”

“तुम्हा लोकांच्या डोक्यात जिथंतिथं दारूच कशी येते हो?” साहेब हसले.

बुधरीला ते फार लागलं. ती गावच्या दारूबंदी महिला संघटनेतली बाई. तिच्या घरात कुणी थेंबाला शिवलेलं नाही आणि दुसऱ्याच्या घरात शिवलं तर ही दारात जाऊन उभी राहायची. रागानं तिचे कान तापले.

“ठीक हाये,” ती म्हणाली. “मंग मी त्या टाकीले हात लावनार नाई. झाडू मारीन, चाय करीन, फायली पुसीन. टाकी तुमची, तुमीच ढवळा.”

“धोरणाला विरोध आहे का तुमचा?”

“हो, हाये,” बुधरी म्हणाली. “लिवून घ्या.”

साहेबांनी खरंच लिहून घेतलं. नोंदवहीत ‘कर्मचाऱ्यांचा प्रतिसाद’ असा एक रकाना होताच.

दुसऱ्या दिवशी पहाटे बुधरी टोपली घेऊन आली तर फाटकाला आतून कुलूप आणि खुशालभाऊ खराट्यानं फुलं लोटत होते. मोह हातानं एकेक वेचतात. खराटा लागला की फूल फुटतं, माती खातं. बुधरी फाटकाचे गज धरून बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि डोळ्यांत पाणी आलं याचा तिला आणखी संताप आला.

“भाऊ, हात कसे धजते तुमचे?”

“माही नोकरी हाये वं बाई,” खुशालभाऊ मान खाली घालून म्हणाले. “मले काऊन बोलतं? सासूले बोल.”

बाहेरच्या खांबावर साहेबांनी एक पाटीही लावली होती. ‘टाकीतील सामग्री कार्यालयाची मालमत्ता आहे.’ खाली सही, शिक्का. बुधरीनं ती दोनदा वाचली. सातवीपर्यंत शिकलेली होती ती.

पाच दिवस गेले. साहेब रोज सकाळी बाह्या वर करून काठीनं टाकी ढवळत, फोटो काढत, नोंद करत. कुरखेड्याचा रकाना पिवळा झाला, मग हिरवा झाला. पुण्याहून अंगठ्याचं चित्र आलं. सहाव्या दिवशी टाकी आतून गुडगुडायला लागली आणि वास सुटला. असा सुटला की बसस्टँडवरची माणसं नाक वर करून रस्ता बदलू लागली.

त्या आठवड्यात बियाण्याची माहिती द्यायला शेतकरी मेळावा ठेवला होता. एरवी दहा-बारा टाळकी यायची. या खेपेला सत्तर आली, खुर्च्या पुरल्या नाहीत. साहेबांचा ऊर भरून आला. त्यांनी तासभर नव्या वाणाची माहिती दिली आणि शेवटी विचारलं, “काही शंका?”

मागून एक म्हातारे गृहस्थ उठले. “सायेब, बियान्याचं समजलं. पन ते बाहीरची टाकी आज खोलता का उद्या?”

साहेब खूश. “अजून वीस दिवस! तयार झालं की प्रत्येकाला मोफत देणार!”

टाळ्या थांबता थांबेनात. साहेबांना वाटलं, खताविषयी एवढी जागृती जिल्ह्यात दुसरीकडं नसेल. दाराशी उभ्या बुधरीनं पदर तोंडावर घेतला. ती हसत होती की चिडली होती हे संघप्रियाला कळेना, आणि खरं तर बुधरीलाही कळत नव्हतं.

एवढी बातमी फुटल्यावर पोलीस येणारच. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता उसेंडी जमादार दोन शिपायांना घेऊन फाटकात उतरले. कुणाला काही विचारलं नाही. नाकासमोर चालत थेट टाकीपाशी गेले, झाकण उघडलं आणि तीन पावलं मागं आले.

“बापा! तीनशे लिटरच्या खाली नाई हे. कोनाचं हाये?”

“आमचं खत आहे ते!” साहेब धावत आले. “कंपोस्ट!”

“असन. मांगच्या महिन्यात एक जन म्हने, हे बैलाचं औषद हाये.”

“अहो, सगळी नोंद आहे माझ्याकडं! बघा तुम्ही!” साहेबांनी मोठ्या अभिमानानं नोंदवही पुढं केली.

जमादार मोठ्यानं वाचू लागले. “दिवस पयला, मोहफूल वीस किलो, गूळ पाच किलो, पानी शंभर लिटर. दिवस तिसरा, फेस आला, गूळ वाढवला. दिवस सहावा, वास उग्र, प्रगती समाधानकारक.” त्यांनी वही मिटली. “वीस वर्सं झाली नोकरीले. सडवा भरून रोज त्याच्यावर सही करनारा मानूस पयल्यांदा पाह्यला मी.”

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी बुधरीला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, “बुधरीबाई, तुम्ही सांगा ना, तुमचं आहे म्हणून. तुम्हाला काही करणार नाहीत ते. तुमच्यात हे चालतंच ना?”

झालं! आठ दिवस दाबून ठेवलेलं सगळं बुधरीच्या तोंडाशी आलं, आणि तिनं ते हळू आवाजात बोलायचं काहीच कारण नव्हतं.

“आमच्यात का चालते, सायेब? आं? चार वर्सांत अठरा मडके फोडले म्या या हातानं! माह्या घरचं खानं तुमी कचरा म्हनून टाकीत घातलं. म्या नाई म्हटलं, तुमी हासले. आता त्याची दारू झाली तं ते माही? फुलं होते तवा कंपनीचे, अन् सडवा झाला तवा बुधरीचा? बाहीरची पाटी वाचा जमादारभाऊ, मालक कोन हाये ते साफ लिवलं हाये!”

खुशालभाऊंनी हळूच दोन शिपायांना पाटी दाखवली.

जमादारांनी ठाण्यात फोन लावला. पलीकडचे साहेब बराच वेळ हसत असावेत, कारण जमादारांनी फोन कानापासून लांब धरला होता. शेवटी ठरलं. हेतू दारूचा दिसत नाही, म्हणून सडवा इथंच पंचांसमोर ओतून नष्ट करायचा आणि साहेबांनी लेखी हमी द्यायची. पंच म्हणून महिला संघटनेची बाई पाहिजे.

सगळ्यांनी बुधरीकडं पाहिलं.

“सही करते,” बुधरी म्हणाली. “पन पयले तुमच्या त्या सासूच्या धोरनात लिवा. मोहफूल कचरा नाई. अन्न हाये. अन् या झाडाचं फूल बुधरी येचन.”

“अहो, धोरणात बदल पुण्याहून होतो. समिती बसते त्याला.”

“मंग बसू द्या समिती,” म्हणत बुधरी स्वतःच झाडाखाली बसली. “जमादारभाऊ, चाय घेता काय?”

टाकी गुडगुडत होती. फाटकाबाहेर कालचे सत्तर शेतकरी शंभर झाले होते आणि ओतणार म्हटल्यावर काहींच्या डोळ्यांत पाणी होतं. साहेबांनी पाच मिनिटं तग धरला.

“संघप्रिया,” ते म्हणाले, “टाइप कर.”

संघप्रियानं इतक्या वेगानं कधीच टाइप केलं नव्हतं. बुधरीनं कागद वाचला, ‘अन्न’मधला ‘न’ अर्धा आहे ना ते तपासलं आणि मग पंचनाम्यावर सही केली.

संघप्रियानं त्याच दमात हमीपत्रही टाइप केलं होतं. साहेबांनी त्यावर सही ठोकली, घाईत, न वाचता. रात्री जेवताना त्यांनी ते वाचलं. ‘यापुढे कार्यालयाच्या आवारात मोहफूल साठू देणार नाही. दररोज सूर्योदयापूर्वी वेचलेली सर्व फुले आवाराबाहेर काढली जातील. याची वैयक्तिक जबाबदारी शाखाधिकाऱ्याची राहील.’

टाकीच्या सगळ्या नोंदी पंचनाम्यानं रद्द झाल्या, चहाचा चोथासुद्धा साठवायची साहेबांची हिंमत होईना, आणि महिनाअखेर कुरखेड्याच्या रकान्यात कचरा शून्य भरला. ‘शून्य कचरा’ धोरणात शून्य कचरा करणारी ती एकमेव शाखा, म्हणून पुण्यानं लेखी खुलासा मागवला.

तो खुलासा लिहायला साहेबांना अजून वेळ मिळालेला नाही. पहाटे साडेचारला ते झाडाखाली बॅटरी घेऊन वाकलेले असतात. बुधरी शेजारीच वेचते, पण धोरणात तिची ड्युटी नऊपासून आहे, त्यामुळं ती आपल्या मर्जीनं वेचते आणि साहेब हमीपत्रानं. टोपल्या तिच्या अंगणात पोचवायचं कामही हमीपत्रात येतं, असा अर्थ संघप्रियानं काढून दिला आहे.

परवा साहेबांनी दुसरी टोपली मांडवाशी ठेवली आणि कंबर धरून म्हणाले, “बुधरीबाई, उद्या रविवार आहे. उद्या नाही आलो तर चालेल ना?”

बुधरीच्या लेकीनं आतून त्यांना एक लाडू आणून दिला. बुधरी फुलं पसरत होती. तिनं मान वर केली नाही.

“झाडाले विचारा,” ती म्हणाली. “ते थांबत असन तं मले काई हरकत नाई.”