टाकीवरचा आरसा आणि ढोबळेकाका

ढोबळेकाकांनी मला फसवलं. माझ्याच गच्चीवर उभं राहून शब्द दिला आणि फसवलं. कळमन्याच्या बाजारात पोती उचलण्यापासून सुरुवात करून मी मिरचीचा अडत्या झालो. भल्याभल्यांना मी माझ्या खिशाला हात लावू दिला नाही. आणि या शर्ट खोचणाऱ्या निवृत्त माणसाने मला गुंडाळलं.

काका आमच्या समोरच्या घरात एकटे राहतात. एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांची नोकरी झाली. टॉवर आणि आमची गल्ली यांच्यामध्ये नऊ मजली इमारत उभी राहिली, मोबाइलचं नेटवर्क गेलं, आणि काका खडू घेऊन फिरायला लागले. जिन्यांवर, कंपाउंडवर, माझ्या गाडीच्या बॉनेटवरसुद्धा फोनवर दिसणाऱ्या नेटवर्कच्या डंड्यांचे आकडे: इथे एक डंडा, तिथे दोन. माझ्या फाटकावर शून्य लिहिलं तेव्हा मी भडकलो.

"काकाजी, शून्य आपल्या दारावर लिवा ना!"

"तिथं कवाचंच लिहून झालं गा. दोष लहरीचा नसते, भिंतीचा असते."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य; लहर म्हणजे टॉवरची. दूध नासलं तरी काका लहरीची बाजू घ्यायचे.

घरात नेटवर्क नाही म्हणून कॅनडातल्या सुहासचा, त्यांच्या मुलाचा, फोन लागत नाही, हे गल्लीतल्या प्रत्येकाला दर आठवड्याला ऐकावं लागे. मी एकदा म्हटलं, "मग वाय-फाय लावून घ्या." काका अर्धा चहा टाकून उठून गेले.

पुढे त्यांच्या जुन्या कॉलेजने चाचणीसाठी एक पॅनल तयार केलं. दरवाजाएवढी पाटी, तिच्यावर तांब्याचे शेकडो चौकोन. टॉवरची लहर तिच्यावर पडते, आणि पाटी जागची न हलता ती लहर आरशासारखी हव्या त्या घराकडे वळवते. कोणत्या घराकडे, ते लॅपटॉपवरून ठरतं. टॉवर आणि गल्ली दोन्ही दिसतील अशी जागा एकच होती: माझ्या गच्चीवरची पाण्याची टाकी.

म्हणजे सौदा माझ्या हातात.

"सातही दिवस लहर माझ्या बैठकीत," मी म्हणालो.

"सारंच तू घे. मले फक्त रविवारी सकाळचा एक तास दे. सुहासले तवाच फुरसत असते."

"अर्धा."

"तास दे ना गा."

"पाऊण. नाहीतर टाकीवर कोणी चढायचं नाही."

पाऊण तासावर सौदा ठरला. जिंकल्याचा आनंद मला दोन दिवस पुरला, हे कबूल करतो.

लॅपटॉप काकांकडे राहिला. दीड महिना माझा फोन खणखणीत चालला. रविवारी काका दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत बसत. समोर स्टूल, स्टुलावर फोन. मला ओरडून सांगत, "पाचही डंडे हायेत गा! फुल!"

मग एका सोमवारी, गुंटूरच्या व्यापाऱ्याशी भाव ठरवत असताना, माझा आवाज मध्येच गेला. मंगळवारीही तेच. "बिघडलं असन," काका म्हणाले. बुधवारी पॅनल तपासायला कॉलेजच्या मॅडम आल्या. त्यांनी आपला लॅपटॉप उघडून पाहिलं. "काहीच बिघडलेलं नाही. कोणीतरी लहर मागच्या रिकाम्या प्लॉटवर वळवली आहे."

रिकाम्या प्लॉटवर! तिथे बांधलेल्या दोन म्हशींना फुल नेटवर्क आणि माझ्या बैठकीत शून्य! मी तणतणत रस्ता ओलांडला. काका फाटकाशी शेजारच्या देशकर वहिनींशी बोलत होते.

"सुहास तर लावूनच राहिला असन वहिनी. पण घरात डंडाच नाही, तर लागन कसा?"

काय मोकळा चेहरा होता तो! दीड महिन्यात मी तसा पाहिला नव्हता.

वहिनी गेल्या. मी तोंडभर शिव्या घेऊन आलो होतो. निघालं भलतंच.

"काकाजी, किती रविवार झाले?"

"सहा."

"अन् वाजला का?"

"एकदा वाजला. रिचार्जवाली बाई होती." काका शर्टाची बाही खाली करत राहिले. "लोकायले आता काय सांगू गा? भिंत तर राह्यली नाही."

माझा राग गेलेला नाही. सौदा तो सौदा, काकांनी मोडला. गुंटूरवाला दुसऱ्याकडे गेला. गच्चीच्या एका कोपऱ्यात कसाबसा एक डंडा येतो, तिथे वाकडा उभा राहून मी धंदा करतो, आणि मॅडमना सांगून टाकलं आहे की पॅनल आहे तसंच राहू द्या, त्याला हात लावाल तर टाकीवरून उतरवा.

पण ही फसवणूक काकांपासून सुरू झालेली नाही. सुहास ढोबळे, मी तुलाच विचारतो आहे. तुझ्या बापाला तुझी लाज झाकायला माझ्या बैठकीचं नेटवर्क म्हशींकडे वळवावं लागलं. नेटवर्क होतं. सहाही रविवारी होतं, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. तू कुठे होतास, सांग.