ठिबकच्या राखणीला तीन मांजरी

"मांजरातलं मला जेवढं कळतं, तेवढं बारा गावांत कुणाला कळत न्हाय," असं गेणबानं पारावर छाती ठोकून सांगितलं आणि लगेच मान खाजवत म्हणाला, "अकरा गावांत मी इचारलं न्हाय, आन् आपल्या गावात कुणी मला इचारत न्हाय."

झालं होतं असं, की त्याच्या उसाच्या नव्या लागणीत उंदरांनी ठिबकच्या नळ्या कुरतडायचा सपाटा लावला होता. मोटार चालू केली, की लग्नाच्या हॉलपुढं असतात तशी कारंजी उसात उडायची आणि टोकाच्या सऱ्या ठणठणीत कोरड्या. गेणबा दिवसभर जॉइनर लावत फिरायचा. (एक फाटलेली जोडेपर्यंत दोन नव्या.) शेवटी त्याच्या बायकोनं, विजयमालानं, उंदराचं औषध आणलं.

"औषध नको गं, वासरू मोकळं फिरतंय. मी मांजरं आणतो."

"पंधरा दिवस देते. तवर टोकाला पाणी न्हाय गेलं, तर वासरू बांधीन, औषध टाकीन आन् तुमचं पारावर जाणं बंद!"

पार बंद म्हटल्यावर गेणबाचं धाबं दणाणलं. दुसऱ्याच दिवशी मोरगावला मेव्हण्याकडं जाऊन त्यानं तीन मांजरी पोत्यात घातल्या आणि परतीची एसटी धरली. वाटेत पोतं गुरगुरलं.

"आबा, काय हाय ह्यात?" कंडक्टर दचकला.

"सासुरवाडीचा आहेर. हात घालून बघा की!"

गेणबा वडगाव निंबाळकरला उतरेपर्यंत कंडक्टर त्या बाकाकडं फिरकला नाही.

शेतात येऊन गेणबानं ऐटीत पोत्याचं तोंड सोडलं. तीन मांजरी, तीन दिशा. उसात गडप!

"अवो, नवी मांजरं आधी आठ दिस कोंडून खायला घालायची असत्यात!" विजयमालानं कपाळावर हात मारला.

मग काय, रोज संध्याकाळी मोटारीच्या खोलीपुढं दूधभाकरी कालवून गेणबा ताटली बडवत "म्यांव म्यांव" करत उभा. तिसऱ्या दिवशी एक शेपूट दिसलं. तेवढ्यात बांधावरून शेजारचा लखन ओरडला, "तात्या, कुणाला हाका मारताय?"

"तुझ्या सासुरवाडीच्यांना! एक पोचलीया, दोन वाटेत हायेत!"

त्या दोघीही आल्या. खोलीतल्या पोत्यांवर तिघींनी संसार मांडला, शेतातच असलेल्या गेणबाच्या घरातही त्या ये-जा करू लागल्या आणि उंदरांचे दिवस भरले. पंधराव्या दिवशी गेणबानं बटन दाबलं. एक कारंजं नाही! टोकाच्या सरीत उसाच्या बुडाशी थेंब थेंब ओल धरू लागली. गेणबा चिखलातच नाचला.

"बघितलंस?" घरी येऊन त्यानं मिशीला पीळ दिला. "मुक्या जनावरालाबी मालक कळतो. आठ दिस झालं, रोज पहाटं माझ्या उशाशी एक मेलेला उंदीर आणून ठेवत्यात. नजराणा! तुझ्याकडं एक शेपूट तरी आलं का?"

विजयमालानं तव्यावरची भाकरी उलटली.

"नजराणा कसला? मांजर तोंडात धरून उंदीर आणती, ते पिल्लासाठी. घरात कुणाला आयतं भरवाय लागतं, ते त्यान्ला आठ दिसांत कळलं. मला दोन लेकरं व्हईस्तोवर कळलं न्हाय."