एका शब्दाचं इंग्रजी

"दारूच्या थेंबालाही न शिवणारा माणूस?"

"टी... टोटलर."

"मधी श्वास घेऊ नकोस, दादा. एकच शब्द हाय त्यो. टीटोटलर!"

"टीटोटलर," विश्वजित म्हणाला आणि त्या नादात त्याने गाडी खड्ड्यात घातली. मागच्या सीटवर आईचं, शालूबाईंचं, डोकं टपाला आपटलं. कळंब्याचा तलाव मागे पडला होता, कोल्हापूर तोंडावर आलं होतं आणि विश्वजितला तीनपैकी पहिलाच शब्द अजून नीट येत नव्हता.

बिद्रीजवळच्या गावात विश्वजितचा म्हशींचा गोठा होता. वडील गेल्यानंतर त्याने एकट्याने तो वाढवला. खाऊनपिऊन सुखी घर, मनाने मोकळा, तब्येतीने धडधाकट. पण मुलगी बघायला गेलं की सगळं चांगलं चालायचं आणि "म्हशी" हा शब्द निघाला की मुलीकडच्यांचे चेहरे शेणात पाय पडल्यासारखे व्हायचे. गावातली त्याच्या वयाची मुलं आता पोरांना शाळेत सोडायला जात होती. विश्वजित डेअरीला जात होता.

त्यातच कसबा बावड्याच्या अनुजाचा फोटो आला. फोटोत ती हसत नव्हती, हसू दाबत होती. त्या दाबलेल्या हसण्यात विश्वजित पुरता अडकला. मध्यस्थ जोतीराम मामांनी जाता जाता एक पुडी सोडली, "पोरगी इंग्लिश मीडियमला मास्तरीण हाय. पोरगं चार शब्द इंग्लिश बोललं तर बरं पडंल, बाबा." झालं. विश्वजितच्या तोंडचं पाणी पळालं.

पण घरात स्नेहल होती. ही त्याची धाकटी बहीण. ती बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करत होती आणि सध्या 'शब्दसमूहाबद्दल एक शब्द' या प्रकरणावर होती. हे प्रकरण तिच्या अंगात भिनलं होतं. रात्रभर भुंकणाऱ्या कुत्र्याला ती इनसॉम्निॲक म्हणायची आणि सगळ्यांच्या घरात एकाच वेळी दिसणाऱ्या शेजारणीला ऑम्निप्रेझंट. तिने दादाला धीर दिला.

"वाक्य बोलायचंच न्हाय. वाक्यात व्याकरण असतंय, आन व्याकरणात माणूस मरतंय. त्यांनी इचारलं की एक शब्द टाकायचा, आन गप बसायचं. व्यसन इचारलं की टीटोटलर. कामाचं इचारलं की ॲम्बिडेक्स्ट्रस, म्हंजे दोन्ही हातांनी सारखंच काम करणारा. आन लग्नाचं इचारलं की मोनोगॅमिस्ट. एका वेळी एकच बायको असणारा."

"अगं, पण मला एक बी न्हाय."

"पुढं असंल न्हवं? त्याचंच सांगायचं. आन एक ध्यानात ठेव, मराठीत उलगडून सांगितलंस की सगळी मेहनत पाण्यात. हसायचं फकस्त."

बावड्यात स्वागत जोरदार झालं. मुलीचे वडील बाळासो गल्लीच्या तोंडाशी येऊन उभे होते. शब्द कमी आणि नमस्कार जास्त असा हा माणूस. घरात मात्र सगळी सूत्रं अनुजाच्या आत्याकडे होती. त्यांना सगळी गल्ली आक्का म्हणायची आणि वचकून असायची. तिसरे सम्राट काका, बाळासोंचे धाकटे भाऊ. उमेदीत गोव्याच्या एका हॉटेलात ते कामाला होते, त्यामुळे घरात इंग्रजीचा निकाल तेच द्यायचे.

"बायकांनी आत चला, पोरीशी बोला निवांत," आक्का म्हणाल्या. शालूबाई आणि स्नेहल आत गेल्या. शब्दांची मालकीणच आत गेली होती. बाहेरच्या खोलीत तो एकटा आणि समोर ते तिघं.

सुरुवात बरी झाली. बाळासोंनी म्हशी किती ते विचारलं.

"आता बक्कळ हाईत. पर सुरुवात एकीवर केली," विश्वजित म्हणाला. म्हशींचं नाव निघूनही बाळासोंचा चेहरा बदलला नाही, हे बघून त्याला हुरूप आला.

तेवढ्यात आक्कांनी हात घातला. "व्यसन-बिसन काय?"

"टीटोटलर," विश्वजित म्हणाला. एका दमात, मध्ये श्वास न घेता. आणि हसला.

आक्कांनी सम्राट काकांकडे पाहिलं. काकांनी डोळे बारीक केले. गोव्यात ऐकलेलं काहीतरी त्यांना आठवलं असावं. त्यांनी विश्वजितच्या मांडीवर थाप मारली. "टोटल? आवं, गोव्यात असताना आमी बी तसंच हुतो. टोटल! आता डॉक्टरनं बंद केलंय."

डॉक्टरांनी काय बंद केलं ते विश्वजितला कळेना. पण माणूस आपल्याच पंथाचा निघाला याचा त्याला आनंद झाला. "मी ल्हानपणापास्नं," तो म्हणाला.

"ल्हानपणापास्नं?" बाळासोंचा आवाज बसला.

"घरात समदीच तशी. वडील हुते, आज्जा हुता. आई तर पहिल्यापास्नं."

"आई बी!" आक्कांनी पदर तोंडाला लावला आणि आतल्या दाराकडे तोंड करून ओरडल्या, "पोहे जरा थांबवा गं!"

मुलगी बघायच्या कार्यक्रमांत विश्वजितची उमर चालली होती. पोहे थांबले म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. आपण उच्चार चुकलो की काय? टोटलर की टोटॅलर? कपाळावर घाम जमायला लागला आणि वर पंखा तर गरागरा फिरत होता.

बाळासोंनी विषय बदलून पाहिला. "बरं, एवढ्या कामाचं कसं? तब्बेतीला झेपतंय न्हवं?"

"ॲम्बिडेक्स्ट्रस."

"डेक्स्ट्रोज?" आक्का ताडकन पुढे सरकल्या. "सलाईनमधी असतंय त्ये?"

सम्राट काकांनी गंभीरपणे मान हलवली. "त्येच. एवढं टोटल म्हटल्यावर लागणारच की."

"कवापास्नं हाय, बाळा?" आक्कांच्या आवाजात आता माया आली होती, आणि ती माया विश्वजितला जास्त भीतिदायक वाटली.

"जन्मापास्नंच हाय."

"आन औषध?"

"त्याला औषध कशाला?" उलगडून सांगायचं नाही, हे त्याला आठवलं. म्हणून त्याने नुसते दोन्ही हात पुढे करून दाखवले.

"आई गं! दोन्ही हाताला!" आक्का म्हणाल्या.

बाळासो खिडकीबाहेर बघायला लागले. काकांनी पाण्याचा तांब्या विश्वजितच्या जवळ सरकवला. विश्वजितला रडू येईल असं वाटलं. हे स्थळही हातचं चाललं होतं, आणि याआधीची गेली तेव्हा नुसतं वाईट वाटलं होतं, या वेळी छातीत दुखत होतं. आत कुठंतरी बांगड्या वाजल्या. ती अनुजाच असणार. नीट बघितलंसुद्धा नव्हतं तिला अजून. आता एकच शब्द उरला होता आणि त्याच्यावर सगळं होतं.

आक्कांनी शेवटचा प्रश्न काढला. "खरं खरं सांगायचं. एवढं वय झालं, मग लगीन का ऱ्हायलंय?"

विश्वजितने डोळे मिटले. "मोनोगॅमिस्ट."

हा शब्द मात्र गोव्यात चालत नसावा. सम्राट काकांनी मोबाईल काढला, विश्वजितच्या तोंडाशी धरला आणि म्हणाले, "परत म्हणा." तो परत म्हणाला. काकांनी वाचलं, 'एका वेळी एकच बायको असणारा.' मग चष्मा काढून, पुसून परत वाचलं. मग मोबाईल बाळासोंना दाखवला, बाळासोंनी आक्कांना.

बाळासो भला माणूस. पाहुण्याला घालूनपाडून बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता. ते पुढे वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "पावणं, एक इचारू? पहिलीचं काय केलंसा?"

विश्वजितचा जीव भांड्यात पडला. अखेर त्याच्या घरचा प्रश्न आला होता, मराठीत आला होता, आणि उत्तर मनापासून येत होतं.

"पहिली व्हय? ती गडहिंग्लजच्या बाजारात विकली."

"विकली?"

"लई लाथा मारायची. म्हटलं, कशाला डोक्याला ताप? गिऱ्हाईक बी चांगलं गावलं. तिची दोन पिल्लं तेवढी ठेवून घेतल्यात मी. गुणाची हाईत."

आक्का उठल्या त्या खुर्चीसकट उठल्यासारख्या उठल्या. "बाळासो, उठीव ह्याला! आमची पोरगी काय उकिरड्यावर पडल्याली न्हाय!"

आणि नेमकं त्याच क्षणी आतलं दार धाडकन उघडलं. शालूबाई बाहेर आल्या. पदर खोचलेला, चेहरा लाल. "विश्वजित, ऊठ! ह्या घरात पाणी बी प्यायचं न्हाय!"

दोन्हीकडून एकदम उठवलेला माणूस कुणीकडे बघणार? विश्वजित मुकाट्याने दाराकडे निघाला.

"आदी आमी म्हटलंय उठा म्हणून!" आक्का गरजल्या.

"तुमी कशाला म्हणतासा? फसवायला तुमी निघालासा! पोरगी सवताच्या तोंडानं म्हणाली, उन्हाळ्यात मी भाकड असते म्हणून!"

"आमच्या पोरीला भाकड म्हणतासा? आन तुमचं सगळं घर पिऊन पडल्यालं त्याचं काय? पोरगंच सांगतंय, आई बी पहिल्यापास्नं!"

खोकल्याच्या औषधानेही चक्कर येणाऱ्या शालूबाई भिंतीला धरून खाली बसल्या. स्नेहल त्यांना सावरायला धावली. विश्वजितने उंबऱ्याबाहेर एका पायात चप्पल घातली. दुसरी सापडेना. डोळ्यांत पाणी असलं की चपलासुद्धा दिसत नाहीत.

"आत्या, थांब जरा. त्यांनी इंग्रजीत काय काय सांगितलं?"

आवाज दारातून आला. अनुजा उभी होती. काकांनी एकेक शब्द सांगितला, आपल्या परीने, आणि प्रत्येक शब्दाबरोबर अनुजाचा चेहरा लाल होत गेला. ती हसू दाबत होती. फोटोतल्यासारखंच.

"काका, टीटोटलर म्हणजे दारूला न शिवणारा. दुसरा शब्द म्हणजे दोन्ही हातांनी सारखंच काम करणारा. त्यात सलाईन नाही. आणि तिसरा..." ती थोडी अडखळली. "एकीशीच संसार करणारा. केलेला नाही, करणारा. पण ती पहिली कोण ते मला नाही सांगता येणार."

"म्हस हुती," विश्वजित बाहेरून म्हणाला. "माझी पहिली म्हस. तुमच्या वडलांनी इचारलं म्हणून सांगितलं."

बाळासोंनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्यांचे खांदे हलायला लागले. सम्राट काका मोबाईलमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं शोधू लागले.

"आन भाकडचं?" शालूबाई खालूनच म्हणाल्या. त्या काही अजून वितळल्या नव्हत्या.

आता अनुजाची मान खाली गेली. तिला बोलता येईना. विश्वजितने तिच्याकडे पाहिलं आणि त्याला एकदम उमगलं. शब्द अडकलेल्या माणसाचा चेहरा तो मघापासून स्वतःच वागवत होता.

"आई, शाळंला सुट्टी असती उन्हाळ्यात. त्यास्नी काम नसतंय, रिकाम्या असत्यात. तेवढंच म्हणायचं आसंल. आपण न्हाय का म्हणत, भाकड दिवस?"

"तेच म्हणायचं होतं," अनुजा पुटपुटली. "जोतीराम मामा म्हणाले, म्हशींचं घर आहे, त्यांच्यातले चार शब्द पाठ कर, आई खूश होतील. गाभण, भाकड, पारडी, वेत, सगळं पाठ केलं. आयत्या वेळी तोंडात नको तो आला."

"मामा?" विश्वजित उंबऱ्याशी आला. "मला बी त्यांनीच सांगितलं की! इंग्लिशची मास्तरीण हाय, चार शब्द इंग्लिश बोल म्हणून."

"शाळा इंग्लिश मीडियमची आहे. मी मराठी शिकवते."

गैरसमज गेला होता, पण माणसं उभीच होती. आक्कांनी "उठा" म्हटलं होतं, ते परत घ्यायचा त्यांचा स्वभाव नव्हता. शालूबाईंनी पाणी पिणार नाही म्हटलं होतं, त्या भिंत धरून उठल्या होत्या, तांब्याकडे बघत होत्या पण हात लावत नव्हत्या. आधी कोण बसणार, यावर सगळं अडून राहिलं होतं. अशा वेळी चांगली चांगली लग्नं मोडतात.

विश्वजितला ते कळत होतं. आपण काहीतरी बोललं पाहिजे, आत्ताच, हेही कळत होतं. त्याने स्नेहलकडे पाहिलं. तिने असहायपणे मान हलवली. याला तिच्या पुस्तकात शब्द नव्हता.

"मला इंग्लिश येत न्हाय," तो अनुजाला म्हणाला. "बोलायला बी फारसं येत न्हाय. पर तुमी माझ्या आईसाठी म्हशींचं शब्द पाठ केलासा... आजपातूर आमच्या म्हशींचं नाव काढलं की माणसं उठून जायची. आन तुमचा फोटो आल्यापास्नं मी... म्हंजे मला..."

पुढे काही सुचेना. मराठीतही सुचेना. तो एका पायात चप्पल घालून, घामाघूम होऊन तसाच तिथे उभा राहिला.

अनुजाने त्याच्याकडे पाहिलं. मग सगळ्या वडीलधाऱ्यांदेखत, आवाज मुळीच न दाबता, खास बावड्याच्या ठसक्यात म्हणाली,

"मग उभं का ऱ्हायलाय? बसा की!"